बांधावर साग लावू की शिवण?

कोकणात लाकडासाठी झाड लावायचं म्हटलं की पहिलं नाव निघतं सागाचं. रोपं आणण्याआधी मात्र तोडणार कधी, हे घरात बसून ठरवा.

सागाची कीर्ती आहे ती त्याच्या गाभ्याची: तेलकट, सोनेरी-तपकिरी, वाळवीला दाद न देणारा. भोवतीचं पांढरं लाकूड मात्र वाळवी आणि भुंगा, दोघांनाही आवडतं. आमच्या बांधावरचा 12 वर्षांचा साग वाऱ्याने आडवा झाला. कापून पाहिला तर बुंधा वीतभर रुंद आणि गाभा मुठीएवढा! कोवळा साग ताकदीला फारसा मागे नसतो, गोठ्याचे वासे छान निघाले. दाराच्या चौकटीला हवा होता तेवढा गाभा मात्र निघाला नाही. चौकटीचा साग हवा तर 25-30 वर्षं थांबा. शिवाय स्वतःच्या शेतातला साग तोडायलाही परवानगी काढावी लागते.

शिवणीला अजून हवा तसा मान मिळत नाही, असं माझं मत. वाळलेला साग घनमीटरला साधारण 650 किलो भरतो, शिवण 450-500. म्हणजे तुळईचं किंवा जमिनीत रोवायच्या खांबाचं काम तिचं नव्हे. पण नीट वाळवलेली फळी पिळत नाही, फारशी आकसत नाही आणि रंध्याखाली सुतार कुरकुरत नाही. कपाटाची पानं, खोके, कोरीवकाम, वाद्यं, सगळ्याला चालते. 12-15 वर्षांत फळ्या निघतात.

मँजियम (बाभळीच्या कुळातलं परदेशी झाड) या दोघांपेक्षा लवकर वाढतो, मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्रही देतो. पण बारमाही दाट सावलीमुळे खालचं पीक खुरटतं आणि मोडक्या फांदीच्या जखमेतून बुरशी शिरली की गाभा कुजतो. पिकाच्या कडेला मी तरी लावणार नाही.

बांधावरच्या झाडाला चहूकडून ऊन मिळतं. त्यामुळे फांद्या खालपासून फुटतात, जाड होतात आणि फळीत गाठी उतरतात. शिवणीला ही सवय जास्त. फांदी बोटाएवढी असतानाच खोडालगत छाटा.

मी एका कडेला नातवंडांसाठी साग ठेवला, बाकी बांधावर शिवण. पहिल्या वर्षी कुंपण केलं नाही. सागाच्या खरखरीत पानांना गुरांनी तोंडही लावलं नाही, शिवणीची रोपं मात्र शेंड्यापासून खाऊन टाकली.