भोसरीत बनलेला २ बाय ७२ बेल्ट ग्राइंडर: पातं घासायला शिकणाऱ्यांसाठी

चाकू बनवायचा नाद लागलेली माणसं आधी कानशीवर हात साफ करतात, मग अँगल ग्राइंडरवर येतात आणि शेवटी २ बाय ७२ इंची पट्ट्याचं मशीन घ्यायचं की नाही यावरून घरात वाद घालतात. आमच्याकडचा वाद मी जिंकलो. भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरकडून २ एचपीची मोटर आणि व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारा कंट्रोलर) यांच्यासकट घेतलं, ६० हजारांच्या आतबाहेर पडलं.

आधी व्हीएफडीचं बोलतो, कारण पैसे तिथेच वसूल झाले. मोटर २८०० आरपीएमची, चाक ५ इंची, म्हणजे पट्टा मिनिटाला ११०० मीटरच्या आसपास पळतो. शिकाऊ हातात हा वेग आला की प्लंज लाइन, म्हणजे धारेचा उतार संपून मुठीकडची पूर्ण जाडी सुरू होते ती रेघ, कधी पुढे सरकली ते कळतही नाही. व्हीएफडीचा नॉब १५ हर्ट्झवर आणा, पोलाद नेमकं कुठे टेकलंय ते बोटांना समजायला लागतं. फक्त एवढ्या कमी वेगावर मोटरचा स्वतःचा पंखाही मंदावतो आणि ती तापते, तेव्हा मधूनमधून विश्रांती द्या.

सराव चांगल्या पोलादावर करू नका, ३ मिमीची एमएस (माइल्ड स्टील, साधं मऊ लोखंड) पट्टी घ्या. धारेची कड मार्करने रंगवायची. पट्टी आणि ३ मिमीचं ड्रिल बिट, दोन्ही एकाच काचेवर आडवी ठेवून बिटाच्या टोकाने त्या कडेवर रेघ ओढायची. पट्टी उलटी करून पुन्हा एकदा. जाडीचा मध्य हातात येतो. मग झिजलेल्या पट्ट्यावर ४५ अंशात त्या रेघेपर्यंत कड मोडून घ्यायची. कोऱ्या ३६ ग्रिटला, म्हणजे भरड दाण्याच्या पट्ट्याला, चौकोनी कड भिडवली तर त्याचे दाणेच उपटून निघतात. त्यानंतर उतार हळूहळू पाठीकडे चढवत न्यायचा. कोपरं बरगड्यांना चिकटलेली, हलायचं ते कमरेपासून. अंगठ्याचा दाब जिथे, तिथलं पोलाद जातं.

आता तक्रार. पट्ट्यामागची सपाट प्लेट, प्लेटन म्हणतात ती, यांनी साध्या एमएसची दिलीये. काही महिन्यांत ती मधोमध झिजून खोलगट झाली. मग कितीही जपून घासा, उताराला फूटपट्टी लावली की मध्ये टेकते आणि दोन्ही कडांना उजेड दिसतो. नवखा माणूस बिचारा स्वतःच्या हाताला दोष देत बसेल. कळवल्यावर त्यांनी प्लेट बदलून दिली, तीही एमएसचीच! शेवटी उष्णता सोसणारी सिरॅमिक काच इपॉक्सीने चिकटवली, तेव्हा उतार सरळ यायला लागले. व्हीएफडीही उघड्याच खोक्यात येतो. लोखंडाची भुकटी आत गेली तर तो जळायला वेळ लागणार नाही, म्हणून मी पत्र्याची बंद पेटी करून घेतली. पट्टा चाकांवर जागच्या जागी ठेवणारा ट्रॅकिंगचा नॉब मात्र झकास, पट्टा तसूभर हलत नाही.

मशीनपेक्षा खरा खर्च पट्ट्यांचा. ३६ आणि ६० ग्रिट सिरॅमिकचेच घ्या, १२० पासून पुढे साधे अॅल्युमिनियम ऑक्साइड चालतात. बोथट पट्टा कापत कमी आणि तापवतो जास्त, आणि पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून झटक्यात थंड करून कडक केलेल्या पात्याला तेच नडतं. मी ईएन-३१ हे बेअरिंगचं पोलाद वापरतो. पाणी द्यायच्या आधी धारेला ०.७ मिमीच्या आसपास जाडी राखायची, पाणी दिल्यावर २०० अंशांवर टेम्पर करायचं, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवायचं, आणि मगच शेवटचं घासकाम. तेव्हा हातमोजे नकोत. पातं उघड्या बोटांना चटका द्यायला लागलं की लगेच बादलीत. टोकाशी निळी झाक आली तर तिथला कडकपणा गेला, ती कापून काढण्यावाचून इलाज नाही. मास्क चांगला लावा, बारीक भुकटी तासन्‌तास हवेत राहते.

मागवणार असाल तर काचेची प्लेटन आणि बंद पेटी आधीच लिहून घ्या, वरचे पैसे मागितले तरी द्या. त्यांचा स्टँड नका घेऊ, बुटका आहे. पट्ट्याचा घासायचा भाग तुमच्या कोपराच्या उंचीला येईल असं टेबल गल्लीतल्या वेल्डरकडून स्वस्तात होतं.