टायटलसेक: क्रमांकांची कटकट संपली, 'अ-ब-क-ड' मात्र तुम्हीच शिकवा

पतसंस्था, सोसायट्या, ट्रस्ट यांचे उपविधी लावून देणं हे आमच्या डीटीपीच्या धंद्यातलं सगळ्यात रुक्ष काम, पण बारमाही. इथे शुद्धलेखन चुकलं तर कोणी बोलत नाही. क्रमांक चुकला तर वार्षिक सभेत गदारोळ होतो. पेजमेकर आणि श्रीलिपीच्या काळात आकडे हातानंच टाकायचो. वकीलसाहेबांनी प्रुफात मधेच एक नियम घुसवला की पुढचे सगळे आकडे सरकवा, शिवाय 'नियम १२ (३) पाहा' अशी वाक्यं शोधत बसा. आता ही कामं मी लाटेकमध्ये करते, म्हणजे मजकुरात आज्ञा लिहून पानं लावून घ्यायच्या प्रणालीत. शीर्षकांसाठी टायटलसेक आणि पोटकलमांसाठी एन्युमआयटम ही त्याला जोडायची दोन पॅकेजं. दोन्ही फुकट.

आधी तयारी. इंजिन, म्हणजे फाइलीतून पीडीएफ बनवणारा प्रोग्रॅम, झीलाटेक किंवा लुआलाटेकच हवं. पीडीएफलाटेकला देवनागरी दिली की तो एररची माळ लावतो. पॉलीग्लॉसिया या भाषांच्या पॅकेजात मराठी निवडून अंक देवनागरी केले की १, २, ३ येतात. फॉन्ट मी आयआयटी मुंबईचा शोभिका वापरते. जोडाक्षरं सुरेख, आणि ठळक वळणही आहे, जे शीर्षकांना लागतंच.

टायटलसेकची खरी मजा उपविधीत कळते. 'आर्टिकल' क्लासमध्ये (लाटेकचा एक तयार साचा) क्रमांक तिसऱ्या पातळीपर्यंतच पडतात. 'पॅराग्राफ' ही चौथी पातळी, म्हणून 'सेकनमडेप्थ' हा काउंटर (कितव्या पातळीपर्यंत क्रमांक पडावेत ते ठरवणारा आकडा) ४ करायचा. मग परिच्छेदालाही क्रमांक मिळतो. या पातळीचं शीर्षक मुळातच मजकुराच्या ओळीत मिसळलेलं असतं, म्हणजे '३.१.२.४ सभासदत्व रद्द होणे' ठळक आणि त्याच ओळीत पुढे नियम. कायद्याच्या पुस्तकांत आपण हेच बघत आलो, त्यामुळे गिऱ्हाईक खूश. कुणाला शीर्षक वेगळ्या ओळीवर हवं असेल तर आकार 'रनइन'ऐवजी 'हँग' किंवा 'ब्लॉक' करायचा, झालं. एकच ओळ बदलली की सगळं पुस्तक बदलतं.

आकड्यानंतरचं टिंब हा नवख्यांना हमखास नडणारा भाग. मराठीत '४.' असं टिंब हवं असतं, म्हणून लोक ते क्रमांकाच्या व्याख्येतच घालतात. मग पोटविभागाला '४..१' असं दुहेरी टिंब येतं आणि 'नियम ४. नुसार' अशी विचित्र वाक्यं छापून येतात. टिंब टायटलसेकच्या लेबलमध्ये, म्हणजे शीर्षकात क्रमांक कसा दिसावा ते सांगतो त्या जागी द्या. ते शीर्षकापुरतंच दिसतं, संदर्भात शिरत नाही.

आता तक्रार. माझ्याकडे येणाऱ्या उपविधींत पोटकलमं (अ), (ब), (क), (ड) अशी असतात आणि त्याखाली (एक), (दोन), (तीन). हा क्रम मला तयार कुठे मिळाला नाही. एक छोटा मॅक्रो (स्वतः बनवलेली आज्ञा) लिहून अक्षरांची यादी स्वतः द्यावी लागते, मग तो एन्युमआयटमला नवा काउंटर म्हणून ओळखून द्यायचा. काम अर्ध्या तासाचं, पण ज्यानं आयुष्यात कोड पाहिला नाही त्याला घाम फुटेल. 'ड' नंतर ऱ्हस्व इ की दीर्घ ई, हे मात्र वकिलालाच विचारा.

संदर्भांसाठी मी लाटेकला पैकीच्या पैकी गुण देईन. नियमाला लेबल, म्हणजे खुणेचं एक नाव लावायचं (शीर्षकाच्या लेबलशी याचा संबंध नाही) आणि जिथे उल्लेख येतो तिथे आकड्याऐवजी त्या लेबलचं नाव द्यायचं. नियम बारावरून चौदावर गेला तरी उल्लेख आपोआप सुधारतो. फक्त फाइल दोनदा चालवायला हवी. एकदाच चालवली तर सरकलेल्या नियमाचा जुनाच आकडा राहतो, आणि लेबल नवं असेल तर आकड्याच्या जागी दोन प्रश्नचिन्हं दिसतात. छापायला देण्यापूर्वी पीडीएफमध्ये ही प्रश्नचिन्हं शोधायचीच.

बारीकसारीक त्रास आहेत. अनुक्रमणिकेत क्रमांकाला ठरावीक रुंदीच मिळते, त्यामुळे '१०.१२.११' सारखा आकडा शीर्षकावर चढतो. टॉकलॉफ्ट या पॅकेजानं रुंदी वाढवा. दोन ओळींचं शीर्षक असेल तर वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतल्या वेलांट्या एकमेकांना भिडतात, तिथे ओळींतलं अंतर थोडं सैल करावं. शीर्षकाखालचा पहिला परिच्छेद लाटेक आत सरकवत नाही. आपल्याकडे पुष्कळांना तो सरकलेला हवा असतो, त्यासाठी इंडेंटफर्स्ट हे पॅकेज.

एका पानाचं परिपत्रक असेल तर या भानगडीत पडू नका. आणि काम घेतानाच विचारून ठेवा की शेवटी वर्ड फाइल लागणार का. पँडॉक या फाइली बदलून देणाऱ्या प्रोग्रॅमनं रूपांतर होतं, मजकूर येतो, पण टायटलसेकनं बसवलेली मांडणी तिकडे जात नाही. सचिवांना स्वतः दुरुस्त्या करायच्या असतील तर ते काम मी पहिल्यापासून वर्डसारख्या लिब्रेऑफिसमध्येच करते आणि तसा दरही वेगळा सांगते.