स्पायनल शिकवताना: हाताचा अंदाज की सोनोग्राफीचा आधार?

भूलशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या रेसिडेंटला (शिकाऊ डॉक्टरला) स्पायनल भूल, म्हणजे पाठीच्या मणक्यांमधून सुई घालून कमरेखालचा भाग बधिर करणे, शिकवण्याची रूढ पद्धत बोटांच्या स्पर्शावर उभी आहे. कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेषा चौथ्या कटिमणक्यापाशी (कमरेच्या मणक्यापाशी) पाठीचा कणा ओलांडते असे धरून मणक्यांमधली फट निवडली जाते. त्यासाठी यंत्र लागत नाही आणि वेळही वाचतो. मात्र २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भूलतज्ज्ञांचे असे अंदाज एमआरआयशी ताडून पाहिले, तेव्हा जेमतेम २९ टक्के अचूक निघाले आणि चुकलेले अंदाज बहुधा ठरवलेल्या फटीच्या वर गेलेले होते. मेरुरज्जू (कण्याच्या आतली मज्जातंतूंची दोरी) साधारणपणे पहिल्या-दुसऱ्या कटिमणक्यापाशी संपत असल्यामुळे वरच्या बाजूची चूकच धोक्याची ठरते. शिवाय सुईतून मेरुरज्जूभोवतीचे पाणी आले की शिकणाऱ्याला आपली फट बरोबरच होती असे वाटते, आणि चूक त्याच्या कधी लक्षातच येत नाही.

सोनोग्राफी नेमकी हीच उणीव भरून काढते. कमी वारंवारतेचा वक्र प्रोब (यंत्राचा अंगावर टेकवायचा भाग) मध्यरेषेच्या बाजूला उभा धरल्यास त्रिकास्थीची (कटिमणक्यांच्या खालच्या हाडाची) सलग पांढरी रेषा दिसते आणि तिथून मणके वर मोजत जाता येतात. मग प्रोब आडवा करून मध्यरेषा आणि ड्यूरापर्यंतची (मेरुरज्जूभोवतीच्या आवरणापर्यंतची) खोली कळते. मात्र प्रोब जोरात दाबल्यास ही खोली कमी भरते, खूण केल्यावर रुग्ण हलला तर खूण निरुपयोगी होते, आणि अँटिसेप्टिक लावण्यापूर्वी जेल पूर्ण पुसावे लागते. २०११ साली टोरांटोच्या अभ्यासात, ज्यांचे मणके हाताला नीट लागत नव्हते अशा रुग्णांमध्ये, पहिल्याच टोचणीत यश मिळण्याचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर गेले. सडपातळ रुग्णांत एवढा फरक पडेल असे त्यावरून धरू नये.

सुई चालू असतानाच स्क्रीनवर पाहण्याचा तिसरा पर्याय नवशिक्यासाठी मी सुचवणार नाही, कारण त्यात एका हातात प्रोब, दुसऱ्यात सुई आणि नजर स्क्रीनवर अशी तारांबळ होते.

माझ्या मते रेसिडेंटने आधी बोटांनी फट शोधून पेनने खूण करावी, मग वरिष्ठांसमोर प्रोब ठेवून ती पडताळावी. आपण किती चुकलो हे तिथल्या तिथे दिसते, आणि हातही तयार होतो. रात्रीच्या तातडीच्या सिझेरियनला तो हातच लागतो. यंत्र एकच असेल तर ते स्थूल आणि वाकड्या कण्याच्या रुग्णांसाठी राखावे. नवे घेणार असाल तर पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या) कायद्याखालील नोंदणीची तयारी खरेदीआधीच करावी.