घाण्याचं एरंडेल आणि घरचं लॅश सीरम, वापरून झाल्यावरचं मत

पापण्यांसाठी घरगुती सीरम शोधायला गेलं की ढिगाने रेसिपी मिळतात आणि सगळ्यांत कॉमन एकच गोष्ट असते ती म्हणजे एरंडेल. बाकी मग कुणी व्हिटॅमिन ई घालतं, कुणी कोरफड, कुणी बदाम तेल, कुणी तर कांद्याचा रस सुद्धा. मी आमच्या इथल्या लाकडी घाण्यावरून एरंडेलाची बाटली आणली आणि आता बरेच महिने तेच वापरतेय, आधी मेडिकलमधलं वापरायचे, तर हा रिव्ह्यू मुख्यतः त्या तेलाचा आहे आणि त्यातून घरी जे सीरम बनतं त्याचा.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते, एरंडेलाने नवीन पापण्या उगवत नाहीत. पापणीचा केस साधारण ८ ते १२ मिलिमीटर वाढतो, वाढायचा काळ महिना-दीड महिन्याच्या आसपास, मग तो थांबतो, काही काळ तसाच राहतो आणि गळतो, आणि हे सगळं मुळाशी ठरतं, वरून तेल लावून तो काळ वाढल्याचा पुरावा नाही. मग मी का वापरते? कारण जे केस आहेत ते तुटत नाहीत, कोरडे दिसत नाहीत, आणि तेलाच्या पातळ थरामुळे गडद आणि भरल्यासारखे दिसतात. मस्कारा लावणाऱ्या बायकांना माहितीच असेल, रात्री तो घासून काढताना किती पापण्या कापसावर येतात. माझ्या त्या कमी झाल्या आणि मला तेवढं पुरेसं आहे.

आता तेलाबद्दल. घाण्याचं एरंडेल फिकट पिवळं असतं, वास थोडा उग्र पण खवट नाही, आणि घट्टपणा पातळ मधासारखा. खवट वास आला तर ती बाटली घेऊच नका, डोळ्याला तर नाहीच. मेडिकलमधलं पोट साफ करायचं एरंडेल जास्त शुद्ध केलेलं असतं, जवळपास बिनरंगी, वासही कमी. खरं सांगायचं तर पापण्यांवर दोन्हीचा रिझल्ट मला सारखाच वाटला. एरंडेलात ८५ ते ९० टक्के रिसिनोलिक अ‍ॅसिड असतं, दुसऱ्या कुठल्याच नेहमीच्या तेलात ते एवढं नसतं, आणि हा घट्टपणा चिकटपणा त्याच्यामुळेच येतो, तेल कोल्ड-प्रेस्ड (म्हणजे घाण्यासारखं न तापवता काढलेलं) असो की रिफाइन्ड, दोन्हीत ते आहेच. म्हणून "फक्त कोल्ड-प्रेस्डच चालतं" असं कुणी सांगत असेल तर मला ते पटत नाही. ज्यांना वास सहन होत नाही त्यांनी मेडिकलचं घ्यावं. मी घाण्याचं घेते कारण समोर काढून देतात, ताजं मिळतं, आणि तेच तेल भुवयांना आणि टाचांना पण होतं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. पूर्वी खेड्यात घरी एरंडी भाजून कुटून पाण्यात उकळून वर आलेलं तेल काढायचे, ते वाचून कुणी घरी बिया कुटायला जाऊ नका. एरंडीच्या बीमध्ये रिसिन नावाचं भयंकर विष असतं. ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं, म्हणून तयार तेल सुरक्षित आहे, पण बिया घरात, तेही लहान मुलं असताना, अजिबात नकोत.

सीरमची रेसिपी म्हणाल तर माझी फारच साधी आहे. नवीन छोटी ड्रॉपर बाटली, गरम पाण्यात उकळून पूर्ण कोरडी केलेली (पाण्याचा थेंब राहिला तर गडबड होते), त्यात दोन भाग एरंडेल आणि एक भाग खोबरेल. नुसतं एरंडेल फार जड, पापण्या एकमेकींना चिकटतात, खोबरेलाने ते ब्रशवर नीट पसरतं. शिवाय खोबरेल केसाच्या आत शिरतं, मुंबईच्या मॅरिकोच्या संशोधकांनी २००३ मध्ये डोक्याच्या केसांवर दाखवलं होतं की खोबरेलाने केसातलं प्रोटीन कमी जातं (मॅरिको म्हणजे पॅराशूटवाले, तेव्हा ते लक्षात ठेवूनच वाचावं). पापण्यांवर तसा अभ्यास माझ्या वाचनात नाही, पण केस तो केस, त्यामुळे मी घालते.

व्हिटॅमिन ईची कॅप्सूल मी घालत नाही. ती हिरवी एव्हिऑन फोडून घालायचा सल्ला सगळीकडे असतो, पण व्हिटॅमिन ईने काही जणांना त्वचेवर अ‍ॅलर्जी येते आणि पापणीची कातडी ही शरीरातली सगळ्यात पातळ कातडी, तिथे कशाला प्रयोग. कोरफडीचं तर नावच काढू नका. गर पाण्याचा, तेल तेलाचं, दोन्ही एकजीव होत नाहीत, आणि प्रिझर्वेटिव्हशिवाय ताजा गर एक-दोन दिवसांत खराब होतो, त्यात पान कापल्यावर येणारा पिवळा चीक राहिला तर खाज आग वेगळीच. कांदा, लसूण, रोझमेरी-पेपरमिंटचे अर्क हे डोळ्याजवळ नेण्याच्या गोष्टीच नाहीत, ज्यांनी रील केलंय त्यांनी स्वतः लावलंय का हाच मला प्रश्न पडतो.

लावायची पद्धत रेसिपीपेक्षा महत्त्वाची आहे. रात्री मेकअप पूर्ण काढून, लेन्स असतील तर काढून, हात धुऊन. ब्रश बाटलीत बुडवायचा नाही, ड्रॉपरने अर्धा थेंब ब्रशवर टाकायचा, टिश्यूवर टिपायचा आणि मग वरच्या पापणीच्या केसांना मधल्या भागापासून टोकापर्यंत फिरवायचा. मुळाशी चोळायचं नाही. तिथेच काठावर तेलग्रंथींची तोंडं असतात, ती बुजली की रांजणवाडी यायला वेळ लागत नाही. जास्त तेल झालं तर डोळ्यात उतरतं आणि सकाळी धुरकट दिसतं. ब्रश दर वेळी साबणाने धुऊन कोरडा ठेवायचा, जुन्या मस्काऱ्याचा ब्रश वापरूच नये. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघायचं हे तर आलंच. ज्यांच्या पापण्यांच्या कडेला कोंडा साठतो, डोळे सारखे लाल होतात, किंवा डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. पार्लरमध्ये चिकटवलेल्या खोट्या पापण्या (एक्स्टेन्शन) असतील तरी नको, तेलाने गोंद सुटतो आणि पार्लरचे पैसे वाया.

कुणी म्हणेल औषधाच्या दुकानातल्या एरंडेल असलेल्या डोळ्यांच्या थेंबांचं काय? हो, कोरड्या डोळ्यांसाठी एरंडेलाचं इमल्शन असलेले थेंब असतात, पण ते निर्जंतुक करून बनवलेले असतात. आपल्या घाण्याचं तेल तसं नसतं, म्हणून डोळ्याच्या आत मुद्दाम काहीही घालायचं नाही. आजीच्या काळात एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं भांडं धरून काजळी जमवायचे आणि ती तुपात खलून काजळ करायचे, आमच्याकडे अजून कुणाकडे तरी ती डबी असेल, पण डॉक्टर आता बाळांच्या डोळ्यात काजळ घालू नका म्हणतात ते बरोबरच आहे.

ज्यांना खरंच लांब पापण्या हव्यात त्यांच्यासाठी सिद्ध झालेली गोष्ट म्हणजे बिमॅटोप्रॉस्ट. मुळात काचबिंदूचं औषध, थेंब घालणाऱ्या पेशंटच्या पापण्या वाढायला लागल्या तेव्हा लक्षात आलं, आणि २००८ मध्ये अमेरिकेत एफडीएने (तिथलं औषधांना परवानगी देणारं सरकारी खातं) पापण्यांसाठी लॅटिस या नावाने मान्यता दिली. पूर्ण परिणामाला १६ आठवडे लागतात, बंद केलं की पापण्या पूर्ववत होतात, आणि पापणीची कातडी काळवंडणं, डोळ्यातला तपकिरी रंग कायमचा गडद होणं असे परिणाम होऊ शकतात. त्यामुळे डोळ्यांच्या डॉक्टरांशिवाय नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या काही महागड्या सीरममध्ये ह्याच जातीचा घटक, आयसोप्रोपिल क्लोप्रोस्टेनेट, असतो, तेव्हा बाटलीवर "नॅचरल" लिहिलेलं बघून न थांबता मागची यादी वाचा. मागे मी असंच एक सीरम घेतलं होतं, पापण्यांची कड लाल झाली आणि खाज इतकी की दोन रात्री झोप नाही, यादी वाचली तेव्हा कळलं का ते.

तर घाण्याच्या एरंडेलाला माझ्याकडून पाचापैकी चार. एक कापला कारण बाटली मोठी मिळते आणि पापण्यांना लागतं अगदी थोडं, उघडल्यावर ते जितके जास्त दिवस ठेवाल तितकी खवट होण्याची शक्यता. किमतीबद्दल तक्रार नाही, ह्या भावात पार्लरमध्ये भुवयाही नीट होत नाहीत. घाणेवाल्या काकांना मी विचारलंय पन्नास मिलीची बाटली ठेवा म्हणून, ते म्हणाले गिऱ्हाईक मागतील तशी ठेवू, तर तुमच्या भागात घाणा असेल तर तुम्हीही मागा.