एएलपी सात महिने वापरल्यावर

सीपी (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी) असलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलाला इलेक्ट्रिक व्हीलचेअर झेपेल का, हे थेरपिस्ट म्हणून मी आधी कसं ठरवायचे? सांगितल्यावर थांबतो का, दारातून नीट नेतो का, भिंतीवर आपटत नाही ना. जमलं नाही की रिपोर्टमध्ये ‘अजून तयार नाही’. असे किती रिपोर्ट मी लिहिले, आठवलं की वाईट वाटतं.

स्वीडनच्या लिस्बेथ निल्सन आणि ब्रिटनच्या जोसेफीन डर्किन यांनी २०१४ मध्ये मांडलेलं एएलपी, म्हणजे इलेक्ट्रिक खुर्ची चालवायला कुणी कसं शिकतंय ते जोखण्याची पद्धत, मी सात महिन्यांपासून वापरतेय. त्यात पास-नापास नाही. अगदी नवख्यापासून तरबेज चालकापर्यंत आठ टप्पे आहेत. लक्ष, हालचाल, साधनाची समज, भावना आणि संवाद यांवरून मूल आज कुठे आहे ते बघायचं आणि त्या टप्प्याला साजेशी मदत करायची.

माझ्याकडे चार वर्षांची एक मुलगी येते. पहिली तीन सेशन्स ती नुसती गोल गोल फिरली. चौथ्या वेळी तिचा पंजा जॉयस्टिकवरून सुटला, खुर्ची थांबली. तिने हाताकडे पाहिलं. पुन्हा पंजा ठेवला, खुर्ची फिरली. उचलला, थांबली. पाच-सहा वेळा हेच, आणि मग आजीकडे बघून खुदकन हसली. जुन्या पद्धतीने मी तिला नापासच केलं असतं. आजींना ‘अगं, सरळ चल’ म्हणण्यापासून थांबवणं मात्र अवघड गेलं. सुरुवातीला सूचनांचा मारा करायचाच नसतो.

एक चूक माझ्याकडून झाली. मान उजवीकडे वळली की एटीएनआर या प्रतिक्षिप्त क्रियेमुळे या मुलीचा उजवा हात ताठ होतो आणि जॉयस्टिक ढकलली जाते. खुर्ची सुसाट पुढे जायची आणि मी ते ‘समज कमी’ म्हणून नोंदवलं. जॉयस्टिक मध्यभागी आणली, कमरेचा पट्टा आणि पायांचा आधार नीट केला, तेव्हा चित्रच बदललं. त्यामुळे बैठक आधी, टप्पा नंतर. आणि व्हिडिओ काढाच. चौथ्या-पाचव्या टप्प्यावर माझं आणि सहकारी थेरपिस्टचं अजूनही जुळत नाही.

हाच मधला काळ सगळ्यात कठीण. कुठे जायचंय ते मुलाला कळतं, हात ऐकत नाही. ही मुलगी आता तिथेच आहे. वळण चुकलं की रडते, पण उतरायला तयार नसते. घरच्या उंबरठ्याला उतार करायचा म्हणून तिच्या बाबांनी सुताराला माप दिलंय.