लिनक्सवर जुन्या लॅपटॉपचं वायफाय: दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

तुमच्या लॅपटॉपमध्ये आरटीएल८७२३बीई हे वायफाय कार्ड असेल आणि लिनक्स टाकल्यावर राउटरशेजारी बसूनही एकच कांडी दिसत असेल, तर डोंगल (बाहेरून यूएसबीला लावायचं वायफाय) घ्यायच्या आधी हे वाचा. आमचं हेच कार्ड दिवाळीपासून रोज चालू आहे आणि मी त्यावर समाधानी आहे.

लॅपटॉप पाचव्या पिढीच्या आय३चा. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे बसत नाही. म्हणून एसएसडी घालून लिनक्स मिंट २२ टाकलं. मशीन एकदम पळायला लागलं, पण वायफायने रडवलं. नेटवर्कचं नाव दिसायचं, पासवर्डही घ्यायचा, आणि पान काही उघडायचं नाही. हातभर अंतरावर राउटर असताना सिग्नल उणे ८० डीबीएमच्या खाली (आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला). दुकानात दाखवलं तर उत्तर मिळालं, "कार्ड गेलंय, डोंगल लावा." मला ते पटलं नाही. आदल्या दिवशीपर्यंत विंडोजवर तेच कार्ड व्यवस्थित चालत होतं.

टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -एनएनके' दिलं की कार्डाचा क्रमांक आणि त्याला कोणता ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) लागलाय ते दिसतं. माझ्याकडे ड्रायव्हर बरोबर लागलेला होता, कर्नलमधलाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात आधीपासून असलेला. म्हणजे घोटाळा अँटेनाचा. या कार्डावर अँटेनाची वायर लावायला दोन टोकं असतात. स्वस्तातल्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा एकच वायर जोडलेली असते. ती कुठल्या टोकाला आहे याची नोंद कार्डाच्या आत असते, आणि ती नोंद चुकीची असली की ड्रायव्हर वायर नसलेल्या टोकावर कान लावून बसतो.

उपाय एका ओळीचा आहे. 'मॉडप्रोब -आर'ने ड्रायव्हर काढायचा आणि पुन्हा घालताना शेवटी 'अँट_सेल=२' जोडायचं. अँटची तीन अक्षरं ए-एन-टी, सेलची एस-ई-एल, सगळी लहान लिपीत आणि मध्ये जागा नको. २ने फरक पडला नाही तर १ घालून बघा. माझ्याकडे २ घातल्याबरोबर सिग्नल उणे ४५च्या आसपास आला. मग हाच पर्याय ईटीसीमधल्या मॉडप्रोब.डी फोल्डरात एका कॉन्फ फाइलमध्ये लिहून ठेवला, म्हणजे दर वेळी हाताने करायला नको.

आता वापराविषयी. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, खाली कारखाना आणि वर घर. राउटर वरच्या मजल्यावर आहे. खाली माग चालू असताना कोपऱ्यातल्या टेबलावर बसून टॉवेलची बिलं आणि ई-वे बिलं करायची असतात, आणि तिथपर्यंत नेट नीट पोहोचतं. सुरुवातीला अर्ध्या-पाऊण तासाने ते मधेच गळपटायचं. त्याचं कारण वीज वाचवण्याची सोय. नेटवर्क मॅनेजरच्या फाइलमध्ये 'वायफाय.पॉवरसेव्ह'पुढे ३ होतं, तिथे २ केलं आणि त्याच कॉन्फ फाइलमध्ये 'एफडब्ल्यूएलपीएस=०' जोडलं. तेव्हापासून पोर्टलवर बिल भरता भरता नेट गेलं असं झालेलं नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, पत्र्याखाली दुपारी लॅपटॉप हात लावू नये इतका तापतो, तरी वायफायची तक्रार नाही.

सगळ्यात मोठं सुख म्हणजे अपडेट. बाहेरून आणून बसवलेला ड्रायव्हर कर्नल बदलला की पुन्हा तयार व्हावा लागतो, आणि तो झाला नाही तर ऐन कामाच्या वेळी वायफाय गायब. हा ड्रायव्हर कर्नलमध्येच असल्याने आजवरची सगळी अपडेट बिनबोभाट झाली. याचं श्रेय लॅरी फिंगर यांना द्यायलाच हवं. या कुटुंबातले ड्रायव्हर त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळले. जून २०२४ मध्ये ते गेले. सोलापुरातल्या एका कारखान्याचं काम त्यांच्या कष्टावर चाललंय, याची मला मनापासून कृतज्ञता वाटते.

उणिवा आहेत. कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं, ५वर जात नाही, त्यामुळे राउटरची खरी गती मिळत नाही. व्हॉट्सॲप, बँक, व्हिडिओ कॉल यांना पुरते; मोठं काही उतरवायचं असेल तर मी लॅनची वायर लावतो. ब्लूटूथही त्याच कार्डावर आणि त्याच एका अँटेनावर आहे. ब्लूटूथ हेडफोन लावून बहिणीने ऑनलाइन क्लास सुरू केला की चित्र अडखळतं. तिला वायरचा हेडफोन आणून दिला, प्रश्न मिटला.

५ गिगाहर्ट्झ हवंच असेल तर कार्ड बदलण्याचा विचार करा, पण मागवण्याआधी दोन गोष्टी बघा. काही लॅपटॉपचं बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) ठरावीक कार्डंच स्वीकारतं, दुसरं घातलं तर मशीन सुरूच होत नाही. आणि आत अँटेनाची वायर एकच असेल तर दोन अँटेनांच्या कार्डाचा पूर्ण फायदा मिळणार नाही, दुसरी वायर वेगळी ओढून घ्यावी लागेल.