थंडीआधीची तयारी: सोलर की गीझर?
पुणे-नाशिककडे दिवाळी सरली की आंघोळीच्या गरम पाण्याचा प्रश्न उभा राहतो, आणि गच्चीवरचा सोलर व न्हाणीघरातला गीझर या दोहोंना हिवाळ्यापूर्वी लागणारी निगा अगदी वेगळी असते.

सोलरचे काम मुख्यतः साफसफाईचे आहे. पावसाळ्यानंतर काचनळ्यांवर बसलेली धूळ ऊन अडवते, म्हणून ती धुऊन काढावी. बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत नळ्यांच्या तळाशी पांढरट क्षारही साठतो. त्यासाठी टाकी रिकामी केल्यास ती भल्या पहाटेच पुन्हा भरावी, कारण उन्हाने तापलेल्या कोरड्या नळीत गार पाणी शिरले तर ती तडकू शकते. दक्षिणेकडे नवी इमारत उठली असेल, तर डिसेंबरच्या खाली उतरलेल्या सूर्यामुळे तिची सावली उन्हाळ्यापेक्षा लांब पडते, हेही पाहावे. त्यावर साफसफाईचा उपाय नाही.

गीझरचे दुखणे आतले असते. क्षाराने माखलेली कॉइल पाणी उशिरा तापवते आणि लवकर जळते. मॅग्नेशियमचा रॉड झिजला की टाकीच गंजू लागते. तंत्रज्ञाकडून या दोन्ही गोष्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि अर्थिंग तपासून घ्यावे. अर्थिंगच्या बाबतीत चालढकल मुळीच नको. 2 किलोवॅटचा, 15 लिटरचा गीझर 20 अंशांचे पाणी 60 अंशांवर न्यायला सुमारे 20 मिनिटे आणि पाऊण युनिटच्या आसपास वीज घेतो.

स्वतःची गच्ची असेल तर माझा कौल सोलरलाच आहे. वरच्या टाकीपासून नळ दूर असल्यास मात्र सुरुवातीचे गार पाणी बादलीत धरून धुण्याभांड्यांना वापरावे, आणि ढगाळ दिवसांसाठी लहान गीझर ठेवावा.